बाळंतिणीचे रक्त : शुद्धतेचा कायदा आणि उपलब्धतेचा दुष्काळ

१९७९ साली दल्ली राजहरा येथील लोहखनिजाच्या खाणीतील कामगार संघटनेच्या उपाध्यक्षा कुसुमबाई बाळंतपणात पुरेसे उपचार न मिळाल्यामुळे मृत्यू पावल्या. ज्या खाणीतले खनिज भिलाईच्या झोतभट्ट्यांत जाते आणि ज्या खनिजातून देशाच्या रेल्वेचे रूळ घडतात, त्याच खाणीतली एक लढाऊ स्त्री मूल जन्माला घालताना मेली. भिलाई काही ओसाड मुलूख नव्हता. १९५५ च्या फेब्रुवारीत सोव्हिएत संघाशी करार झाला, १९५९ च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी पेटली, आणि कारखान्याबरोबर शाळा, वसाहती व रुग्णालये उभी राहिली. सेक्टर ९ मधील मोठे रुग्णालय ही सार्वजनिक क्षेत्राची एक मौलिक कमाई आहे, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु विकासाचे दिवे जिथे लखलखतात तिथून खाणीपर्यंतचे अंतर साधारण नव्वद किलोमीटर आहे, आणि बाळंतिणीच्या आयुष्यात नव्वद किलोमीटर ही फार मोठी गोष्ट असते.

कुसुमबाईंच्या मृत्यूनंतर कामगारांनी शोकसभा घेऊन प्रश्न मिटवला नाही. कॉ. शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी आरोग्याचा प्रश्न संघटनेच्या कार्यक्रमात घेतला. आधी दवाखाना निघाला आणि ३ जून १९८३ रोजी, १९७७ च्या गोळीबारातील हुतात्म्यांच्या स्मरणार्थ, कामगारांच्या स्वतःच्या श्रमातून व वर्गणीतून शहीद रुग्णालय उभे राहिले. त्या घटनेकडे आज पुन्हा वळण्याचे कारण इतकेच की, कुसुमबाईंच्या मृत्यूने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देशाने अद्याप पूर्ण दिलेले नाही. त्या प्रश्नाच्या एका भागाचा, म्हणजे प्रसूतिगृहातील रक्ताचा, विचार येथे करावयाचा आहे.

दोन तासांचा हिशेब

रक्त संक्रमणाचे शास्त्र आणि बाळंतपण यांचे नाते मुळापासूनचे आहे. माणसाचे रक्त माणसाला देण्याचा प्रयत्न लंडनचे डॉ. जेम्स ब्लंडेल यांनी १८१८ पासून चालवला तो प्रामुख्याने बाळंतपणात रक्तस्रावाने मरणाऱ्या स्त्रिया डोळ्यांसमोर पाहिल्यामुळे. त्या काळी रक्तगट ठाऊक नव्हते. कोणी वाचे, कोणी मरे. विसाव्या शतकाच्या आरंभी कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगट शोधून काढले आणि नशिबाच्या जागी शास्त्र आले. १९३९ साली मृत बालकाला जन्म दिलेल्या एका स्त्रीला पतीचे रक्त देण्यात आले, तेव्हा तिला तीव्र प्रतिक्रिया झाली. आज आपण ज्याला आरएच घटक म्हणतो त्याच्या शोधाची वाट अशा प्रकरणांतूनच निघाली. म्हणजे रक्ताच्या विज्ञानाची पायरीन् पायरी बाळंतिणींनी आपल्या देहाने घडवली आहे. त्या विज्ञानाचे फळ मात्र त्यांच्याच पदरात सर्वांत शेवटी पडते.

नऊ महिने भरलेल्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला सुमारे अर्धा लिटर रक्त वाहत असते. वार पडल्यानंतर गर्भाशय आकुंचन पावले नाही, तर सुदृढ स्त्रीदेखील दोन तासांत दगावू शकते. भारतात २००१–०३ च्या पाहणीत मातामृत्यूंपैकी ३८ टक्के मृत्यू रक्तस्रावाने झाल्याचे आढळले होते. त्यानंतर एकूण मातामृत्यू बरेच घटले हे मान्य केले पाहिजे. दर लाख जिवंत जन्मांमागे त्या वेळी ३०१ माता मरत. २०१८–२० मध्ये ही संख्या ९७ वर आली. पण सरासरीच्या चादरीखाली काय झाकले आहे? त्याच वर्षांत केरळचा आकडा १९, महाराष्ट्राचा ३३ आणि छत्तीसगडचा १३७ होता. स्त्रीचे शरीर सर्वत्र सारखेच आहे. वेगळे आहे ते तिच्या शरीरापर्यंत पोचणारे रुग्णालय.

त्यात आपल्या स्त्रिया सुदृढही नाहीत. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के आणि गर्भवतींपैकी ५२ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त होत्या. ज्या स्त्रीच्या अंगात मुळातच रक्त नाही, तिला अर्धा लिटर रक्त जाणे म्हणजे दिवाळखोराच्या घरावर दरोडा. छत्तीसगड, गोंदिया, गडचिरोली या पट्ट्यात सिकलसेलच्या आजाराची भर पडते. अशा स्त्रीसाठी रक्ताची पिशवी ही चैन नव्हे, तो तिचा जगण्याचा हक्क आहे.

बाजार बंद झाला, पुढे काय?

आपल्या देशात रक्ताचा उघड बाजार होता, ही गोष्ट नव्या पिढीला कदाचित खरी वाटणार नाही. रिक्षा ओढणारे, रोजंदारी हुकलेले, व्यसनाने पोखरलेले लोक चार पैशांसाठी आपले रक्त विकत. ज्याच्याजवळ विकण्यासारखे श्रमही उरले नाहीत त्याच्याकडून भांडवलशाही रक्त विकत घेते, हे वाक्य त्या काळी अलंकारिक नव्हते. सर्वोच्च न्यायालयापुढे 'कॉमन कॉज' या संस्थेने दाखल केलेल्या याचिकेत जी माहिती आली, तीनुसार देशातील १,०१८ रक्तपेढ्यांपैकी ६१६ विनापरवाना चालत होत्या. न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल दिला. त्यातून रक्त संक्रमण परिषदा स्थापन झाल्या, परवान्यांची सक्ती आली आणि १ जानेवारी १९९८ पासून धंदेवाईक रक्तदात्यांवर बंदी आली. एचआयव्ही, कावीळ ब, गुप्तरोग व हिवताप यांच्या तपासण्यांत २००१ मध्ये कावीळ क ची भर पडली. हा निकाल पुरोगामी होता आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु आपल्या राज्यकर्त्यांची एक रीत आहे. बंदी घालायला कागद लागतो, पर्याय उभा करायला पैसा लागतो. कागद तत्परतेने निघतो आणि पैशाच्या वेळी तिजोरी आठवते. रक्तपेढीसाठी जागा, वातानुकूलन, यंत्रे, तज्ज्ञ डॉक्टर व तंत्रज्ञ यांच्या अटी घालण्यात आल्या. त्या रास्तच होत्या. पण त्या अटी पुऱ्या करणाऱ्या रक्तपेढ्या तालुक्यातालुक्यात उभारण्याची जबाबदारी सरकारने घेतली नाही. परिणामी पेढ्या शहरांत एकवटल्या आणि खेड्यातील शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर निःशस्त्र झाला. पूर्वी तो नातेवाइकांचा रक्तगट पाही, जुळणी करी, जमतील त्या तपासण्या करी आणि ताजे रक्त देऊन बाळंतिणीचा जीव वाचवी. नव्या चौकटीत ही पद्धत बेकायदा ठरली. त्यानंतर त्याच्यापुढे दोनच मार्ग उरले : कायदा मोडायचा, किंवा रक्तस्राव होत असलेल्या स्त्रीला गाडीत घालून शहराकडे पाठवायचे आणि ती वाटेत जगेल अशी आशा करायची.

छत्तीसगडमधील बिलासपूरजवळच्या गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेतील डॉक्टरांनी हा प्रश्न अनेक वर्षे लावून धरला आहे. त्यांचे म्हणणे असे की, जिथे रक्तपेढी नाही तिथे आवश्यक तपासण्या करून, नियंत्रणाखाली, आणीबाणीच्या प्रसंगी थेट दात्याकडून घेतलेले रक्त देण्यास मुभा असावी. हे म्हणणे धाडसाचे वाटेल. पण सैन्यदलाच्या सीमावर्ती व छोट्या रुग्णालयांना औषध नियमावलीत याच कारणासाठी सूट देण्यात आली आहे. सीमेवरच्या जवानाचा जीव मोलाचा आहे, यात शंका नाही. मात्र जंगलातल्या गावी बाळंत होणाऱ्या आदिवासी स्त्रीचा जीव त्याहून स्वस्त कोणत्या न्यायाने ठरला?

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सूट मागणे म्हणजे जुना बाजार परत आणणे नव्हे. सूट कोणाला, कोणत्या प्रसंगी, कोणत्या तपासण्यांनंतर आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे कठोरपणे ठरवले नाही तर शहरातील नफेखोर शुश्रूषागृहे याच दाराने आत शिरतील. शिवाय सख्ख्या नातेवाइकांच्या ताज्या रक्ताचेही काही धोके असतात. म्हणून ही सूट हा कायमचा उपाय असू शकत नाही. रक्तपेढीचे जाळे पोचेपर्यंतचा तो तात्पुरता आधार आहे. कायमचा उपाय २००१ मध्येच नियमांत लिहिला गेला आहे. प्राथमिक व सामुदायिक आरोग्य केंद्रे, संदर्भ रुग्णालये येथे वर्षाला २,००० पिशव्यांपर्यंत रक्त साठवणारी केंद्रे परवान्याच्या जाचाशिवाय, मोठ्या रक्तपेढीच्या आधाराने, चालवता येतात. त्यासाठी एक योग्य शीतकपाट, अखंड वीज, एक प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि नियमित पुरवठा लागतो. चार गोष्टी. जिथे या चार गोष्टी नाहीत तिथे फलकावर 'रक्त साठवण केंद्र' लिहून बाळंतीण वाचत नाही.

पिशवीवरचा शिक्का पुरेसा नाही

मग जे रक्त मिळते ते तरी निर्धोक असते काय? तमिळनाडूतील विरुधुनगर जिल्ह्यात डिसेंबर २०१८ मध्ये घडलेली घटना विसरता येणार नाही. सत्तूर येथील सरकारी रुग्णालयात रक्तक्षयासाठी एका गर्भवतीला रक्त देण्यात आले. ते एचआयव्हीबाधित निघाले. ज्या तरुणाने ते दिले होते, त्याचे रक्त दोन वर्षांपूर्वीच बाधित आढळले होते; पण ही गोष्ट त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती. परदेशी नोकरीसाठी केलेल्या तपासणीत त्याला ती कळली आणि त्याने स्वतःहून रुग्णालयाला खबर दिली. तोवर उशीर झाला होता. पुढे तो तरुणही जगला नाही. त्या स्त्रीला जानेवारी २०१९ मध्ये मूल झाले आणि ते बाधित नसल्याचे आढळले, एवढाच त्या कथेतील दिलासा. काही कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. पण कर्मचाऱ्याला निलंबित करून व्यवस्था निर्दोष ठरत नाही.

ही घटना एकटीदुकटी मानण्याचे कारण नाही. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने २०१६ मध्ये माहितीच्या अधिकारात दिलेल्या उत्तरानुसार, ऑक्टोबर २०१४ ते मार्च २०१६ या काळात २,२३४ जणांनी रक्त संक्रमणातून एचआयव्हीची बाधा झाल्याचे सांगितले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये झारखंडमधील चाईबासा येथे थॅलेसेमियाग्रस्त बालकांपैकी काही बाधित आढळली. कायदा तीस वर्षांचा झाला, तरी ही यादी संपत नाही.

याहूनही कमी बोलला जाणारा धोका खाटेजवळचा आहे. चुकीच्या गटाचे रक्त जाते ते बहुधा शास्त्राच्या अज्ञानामुळे नव्हे. नळीवर नाव चुकते, दोन स्त्रियांची नावे सारखी निघतात, घाईत पिशवी बदलते. नमुना खाटेजवळच घ्यावा व तिथेच चिठ्ठी लावावी, रक्त सुरू करण्यापूर्वी दोघांनी मिळून नाव, गट व क्रमांक पडताळावा, पहिली पंधरा मिनिटे रुग्णाजवळून हलू नये, शीतकपाटातून निघालेली पिशवी चार तासांत पुरी करावी — हे नियम प्रत्येक परिचारिकेला पाठ असतात. पण रात्रपाळीला एकाच परिचारिकेकडे भरलेला कक्ष सोपवला, तर दुसरी सही करायला माणूस आणायचा कोठून? परिचारिका आणि तंत्रज्ञ कंत्राटावर, पगार थकलेला, उद्याची शाश्वती नाही. आणि रुग्णाच्या सुरक्षिततेची जबाबदारी मात्र पूर्णवेळ! सुरक्षितता ही मनुष्यबळाची बाब आहे, आणि मनुष्यबळातील काटकसर रुग्णाच्या शिरेतून वसूल होते.

आणखी एक गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली पाहिजे. प्रसूतिगृहाच्या दारात रक्त मागितले गेले की नजर प्रथम पतीकडे जाते. ते स्वाभाविक आहे, पण वैद्यकीयदृष्ट्या उचित नाही. गर्भारपणात स्त्रीच्या शरीरात पतीकडून मुलाला आलेल्या रक्तघटकांविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार झालेली असू शकतात. शिवाय पुढच्या गर्भालाही धोका पोचू शकतो. पतीने रक्त जरूर द्यावे, परंतु ते रक्तपेढीत, दुसऱ्या कोणासाठी. तसेच आरएच निगेटिव्ह मातेला बाळंतपणानंतर ७२ तासांत द्यावयाचे इंजेक्शन गरिबीमुळे चुकता कामा नये. तो पुढच्या अपत्याचा हक्क आहे.

जे रक्त लागलेच नाही

सर्वांत सुरक्षित रक्त संक्रमण ते, जे करण्याची वेळच आली नाही. गर्भवतीला लोहाच्या गोळ्या, डाळ, भाजी आणि विश्रांती मिळाली. बाळ जन्मताच आकुंचनाचे औषध दिले गेले. रक्तस्राव डोळ्याने अंदाजण्याऐवजी मोजला गेला आणि ट्रॅनेक्झॅमिक आम्लासारखे स्वस्त औषध पहिल्या तीन तासांत हाती असले, तर रक्ताच्या कितीतरी पिशव्या वाचतील. छत्तीसगडच्या मितानिनींनी २००२ पासून गावोगाव हे काम केले आहे. मात्र गोळी वाटून भूक भागत नाही. जी खाण कामगार स्त्री सातव्या महिन्यातही टोपली उचलते आणि घरी सर्वांच्या मागून जेवते, तिचा रक्तक्षय ही केवळ वैद्यकीय नोंद नाही; तो मजुरीच्या दराचा आणि घरातल्या स्थानाचा दाखला आहे.

दुसरीकडे नको असलेल्या शस्त्रक्रियांचा बाजार आहे. २०१२ मध्ये छत्तीसगडमध्येच सरकारी विमा योजनेच्या पैशासाठी खाजगी रुग्णालयांनी स्त्रियांची गर्भाशये विनाकारण काढल्याचे प्रकरण उजेडात आले. एका टोकाला रक्ताअभावी मरणारी बाळंतीण, दुसऱ्या टोकाला नफ्यासाठी विनाकारण चिरले जाणारे पोट. दोन्हींच्या मुळाशी एकच तत्त्व आहे : आरोग्य ही विकाऊ वस्तू मानण्याचे.

कामगार चळवळीचे कर्तव्य

हा प्रश्न डॉक्टरांवर सोडून कामगार संघटनांना मोकळे होता येणार नाही. सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांना आपण मानतो. त्यांच्या आधी चीनमध्ये काम करून गेलेल्या नॉर्मन बेथ्यून यांनी स्पेनच्या यादवी युद्धात रक्त गाडीत घालून आघाडीपर्यंत नेले, ही गोष्टही आठवावी. जखमी माणसाने रक्ताकडे यायचे नाही, रक्ताने जखमीकडे जायचे, हा त्यांचा धडा होता. १९३६–३७ च्या युद्धभूमीवर जे शक्य झाले ते आज पक्क्या रस्त्यांच्या आणि शीतपेट्यांच्या काळात अशक्य असल्याचे सांगितले जाते, तेव्हा अडचण शास्त्राची नसून इच्छेची असते.

आपल्यालाही आत्मपरीक्षण हवे. मे दिनाला किंवा नेत्याच्या स्मृतिदिनी शिबिर घ्यायचे, छायाचित्र काढायचे आणि पुढचे अकरा महिने विसरायचे, ही पद्धत पुरेशी नाही. रक्त पस्तीस दिवस टिकते. एका दिवशी गोळा झालेल्या शेकडो पिशव्या उन्हाळ्याच्या टंचाईत उपयोगी पडत नाहीत. वस्तीनिहाय, गटनिहाय, तीन-चार महिन्यांनी रक्त देणाऱ्यांची यादी ठेवणे हे संघटनेचे नित्याचे काम झाले पाहिजे. आणि पुरुष कामगारांना हेही सांगावे लागेल की, रक्त दिल्याने ताकद जाते ही समजूत खोटी आहे. दरवर्षी रक्त गमावते ती स्त्री. बिनधोक देऊ शकतो तो पुरुष. मग देताना तो मागे का?

या पार्श्वभूमीवर पुढील मागण्या ठामपणे मांडल्या पाहिजेत :

१. जिथे सिझेरियन शस्त्रक्रिया होतात अशा प्रत्येक सरकारी केंद्रात चालू रक्त साठवण केंद्र असावे, आणि ते किती दिवस बंद होते याची नोंद जाहीर व्हावी.

२. रक्तपेढीपासून दूर असलेल्या भागांत, कठोर अटींखाली, आणीबाणीच्या थेट रक्त संक्रमणास सैन्यदलाच्या धर्तीवर परवानगी द्यावी. ती धर्मादाय व सरकारी रुग्णालयांपुरती मर्यादित असावी.

३. २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात गर्भवतीला सरकारी रुग्णालयात मोफत रक्ताचे वचन आहे. 'आधी बदली दाता आणा, मग रक्त' ही अडवणूक म्हणजे त्या वचनाचा भंग मानावा.

४. रक्तपेढ्या व प्रसूतिकक्षांतील तंत्रज्ञ आणि परिचारिकांची पदे कायम स्वरूपात भरावीत. अधिक संवेदनशील तपासणीचा खर्च सरकारने सोसावा. तो रुग्णाच्या बिलात येऊ नये.

५. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला रक्तदानासाठी पगारी विशेष रजा मिळते. तीच कंत्राटी कामगारालाही मिळावी. त्याचे रक्त वेगळ्या रंगाचे नाही.

६. पोलाद कारखान्यासारख्या सार्वजनिक उद्योगांच्या रुग्णालयांतील रक्तपेढ्या खाणी व आसपासच्या ग्रामीण केंद्रांशी जोडाव्यात, आणि त्या रुग्णालयांचे खाजगीकरण कोणत्याही नावाने होऊ नये.

नियोगींची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईतच हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी त्याच शहरात कामगारांवर गोळीबार झाला. भिलाईच्या मातीने कामगारांचे रक्त पुष्कळ पाहिले आहे. त्या रक्ताचे स्मरण आपण दरवर्षी करतो आणि करीत राहू. पण प्रसूतिगृहात, बंद दाराआड, घोषणेविना वाहून जाणाऱ्या रक्ताची नोंद कोणत्याही स्मारकावर होत नाही. कुसुमबाईंच्या साथीदारांनी ती नोंद घेतली आणि त्यातून रुग्णालय उभे केले. शुद्ध रक्त आणि वेळेवर रक्त या दोन वेगळ्या मागण्या नाहीत. बाळंतिणीपर्यंत न पोचलेले निर्मळ रक्त आणि तिच्यापर्यंत पोचलेले दूषित रक्त, दोन्ही तिच्या लेखी सारखीच. ती जगली की नाही, हीच सुरक्षिततेची एकमेव कसोटी आहे. आणि त्या कसोटीवर सरकारला उभे करणे हे संघटित कामगार चळवळीचे काम आहे.